लॅव्हेंडरच्या मळ्यात, नाक लांब ठेवून

कुमुदवहिनी, गुडघा कसा आहे? मालिश करून घेताय, की तेलाची बाटली नुसतीच उशाशी? दत्ताभावजी, डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. काळा चष्मा अजून असेल तर हे सुनेकडून वाचून घ्या, उगाच ताण देऊ नका. सुनंदा, तुझी शुगर काय म्हणते? आंब्याचे दिवस संपले, आता तरी खरा आकडा सांग. आणि माझ्या या ब्लॉगवर गुपचूप येऊन वाचून जाणारे बाकीचे तुम्ही, तुमची नावं ठाऊक नाहीत म्हणून एकेकाला विचारता येत नाही, पण तुम्हीही सगळे धडधाकट असा.

आम्ही दोघं मजेत. ह्यांची तब्येत उत्तम आहे, एक गोष्ट सोडून, आणि आजचं सगळं लिखाण त्या एका गोष्टीपायीच आहे. ह्यांना विचारूनच लिहितेय. "लिही की, त्यात लपवायचं काय," असं म्हणाले. एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघायला एक अख्खा मळा पालथा घालावा लागला, त्याचीच ही हकिगत.

नवीन वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. आम्ही सांगलीचे. उन्हाळ्यापासून मुलाकडे, मिलिंदकडे आहोत, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात. येण्याआधी थंडीत ह्यांना सर्दी-ताप झाला. ताप उतरला, सर्दी गेली, पण जाताना ह्यांच्या नाकातला वास घेऊन गेली. खालून जिना चढतानाच "आज अंबाडी का?" म्हणून विचारणारा हा माणूस, तो पानावर बसून नुसतं मीठ वाढून घ्यायला लागला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. इथे आल्यावर सुनेने, अनघाने, चार बरण्या भरून दिल्या: लवंग, लिंबाची साल, वेलदोडा आणि निलगिरीचं तेल लावलेला कापूस. रोज सकाळी एकेक हुंगायची, हाच व्यायाम. हे हुंगायचे आणि म्हणायचे, "येतो की." थोड्याच दिवसांत "सगळा येतो" म्हणून बरण्या कपाटात गेल्या.

मला काही ते पटेना. एकदा हे स्वयंपाकघरात पेपर घेऊन बसले होते आणि शेजारी गॅसवर दूध करपून कोळसा झालं. छतावरचं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं तेव्हा हे उठले. "लक्ष नव्हतं," म्हणाले. मिलिंदने त्या दिवशी जेवताना शांतपणे सांगितलं, "बाबा, वास येत नसेल तर तुम्ही दोघं तिथे एकटे, घरात सिलिंडर. मी नाही पाठवणार." आमचं ठरलंय गणपतीला सांगलीत पोचायचं. तेव्हापासून ह्यांचं "येतो की" जरा मोठ्या आवाजात येऊ लागलं. खरं काय ते मला कळायला हवं होतं. कळलं तर काय करायचं, हे मात्र माहीत नव्हतं.

युक्ती काढली नातीने. रेवा आमची इथेच जन्मलेली, शाळेत बँड शिकवते, म्हणजे दिवसभर पोरांना तुताऱ्या फुंकायला लावते. आता तिला उन्हाळ्याची सुट्टी. एकदा भाजी निवडताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, लेट्स टेक आबा टू अ लॅव्हेंडर फार्म. होल फील्ड आहे. इतका वास मिस होऊच शकत नाही. मग आपल्याला कळेल."

"आणि नाही आला तर?"

"तरी पण कळेलच ना, आजी."

मास्तरीण आहे ना, परीक्षा घेतल्याशिवाय राहवत नाही.

तर तुम्हाला जायचं असेल त्यांच्यासाठी कामाचं आधी सांगते. या भागात लॅव्हेंडर जूनच्या शेवटी रंगात येतं आणि जुलैत कापणी होते, तेवढ्यातच जायचं. शनिवार-रविवार टाळा, गाड्यांची रांग लागते म्हणे. तिकीट आधी फोनवरून काढावं लागतं. वेळ ठरवून देतात. श्रूजबरीहून २९०चा हायवे धरायचा, वूस्टर ओलांडलं की तोच पुढे ३९५ होतो आणि सरळ खाली कनेक्टिकट राज्यात उतरतो. तासाभराचा रस्ता. टोपी हवीच, पाणी हवंच. पायात बंद बूट घाला, का ते पुढे कळेल. मळ्यावर प्लास्टिकच्या खोपटातले संडास आहेत, स्वच्छ होते, पण हायवेवरच्या दुकानात आधीच उरकून घेतलेलं बरं.

मी पहाटे उठून धपाटे केले, लसणाची चटणी आणि घट्ट दही घेतलं. गाडी रेवा चालवणार, हे तिच्याशेजारी पुढे बसले, मी मागे. हायवे सोडल्यावर रस्ता इतका देखणा झाला की विचारू नका. दोन्हीकडे रचलेल्या दगडांचे बुटके बांध, आपल्या माळावरच्या बांधासारखेच, मध्ये चुना-माती काही नाही. घरांसमोर मक्याची हिरवी कणसं आणि अंडी मांडून ठेवलेली, शेजारी पैसे टाकायचा डबा, राखण करायला कोणी नाही. हे बघून ह्यांना फार बरं वाटलं. "रेवा, येताना कणसं घ्यायची," म्हणाले. "शेगडीवर भाजू."

"आबा, मग अलार्म वाजेल!"

"तुमच्या देशात माणसाने भाजून काही खायचंच नाही का?"

मळा आला. खरं सांगते, फोटोत बघतो तसा क्षितिजापर्यंत जांभळा समुद्र मनात धरून जाऊ नका. एका उतारावर गुडघाभर उंचीच्या झुडपांच्या रांगा, गोल गोल, केस विंचरून बसवल्यासारख्या. लांबून धुरकट निळसर दिसतं, जवळ गेलं की प्रत्येक काडीच्या टोकाला बारीक बारीक फुलं. आणि मधमाश्या! अख्खा उतार गुणगुणत होता. त्या कोणाच्या वाटेला जात नाहीत, आपल्या कामात गर्क असतात, पण पाय कुठे टाकतोय ते बघावं.

गाडीचं दार उघडल्या उघडल्या वास आला. आम्ही दोघी ह्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या, जशा काही निकालाच्या फळ्यापुढे. ह्यांनी चोहीकडे पाहिलं, टोपी नीट केली आणि म्हणाले, "हवा मस्त आहे."

हवा!

एका मेपलच्या झाडाखाली चादर घालून आधी जेवून घेतलं. शेजारी एक जोडपं कुत्र्याला घेऊन आलं होतं. त्या कुत्र्याला आमच्या लसणाच्या चटणीचा वास लागला आणि ते काही केल्या हलेना. "याचं नाक शाबूत आहे," असं मी म्हणून गेले आणि लगेच जीभ चावली. ह्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. दह्यात धपाटा बुडवून मुकाट खात होते.

मग फुलं कापायला गेलो. दारात कात्री आणि दोरा देतात. मुठीत मावेल तेवढी जुडी बांधायची, जुडीमागे ठरलेली किंमत. इतर लोक काय करतात, एक काडी कापली की नाकाला लावतात, डोळे मिटतात, आहाहा म्हणतात, मग दुसरी. ह्यांनी काय केलं असेल? रांगेच्या तोंडाशी बूट काढले, बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, आणि अनवाणी शिरले आत.

"आबा! शूज! बीज आहेत, बीज!"

"देवाची फुलं काढतोय. बुटाने काढायची?"

इथे एक सांगायला हवं. आमच्या घरी वास घेतलेलं फूल देवाला घालत नाहीत. तुमच्याही घरी नसतील घालत. पण ह्यांचं त्या बाबतीत फार कडक. इथे आल्यापासून दुकानातली फुलं देवाला नाहीत. का, तर दुकानात येणारा प्रत्येक माणूस गुच्छ उचलून आधी नाकाला लावतो, हे ह्यांनी पहिल्याच आठवड्यात उभं राहून पाहिलं होतं. त्यामुळे मिलिंदच्या अंगणात जे काही उगवतं त्यावरच आमचा बाळकृष्ण दिवस काढतोय. स्वतःच्या हाताने काढलेली, कोणी न हुंगलेली फुलं एवढी समोर दिसल्यावर ह्यांना दुसरं काही सुचलंच नाही.

रेवाने पुढे होऊन जुडीकडे मान नेली, तर हे ओरडले, "नाक लांब! नाक लांब ठेव!"

"आबा, पण वास तर इथे सगळीकडेच आहे. देवाला ऑलरेडी यूज्डच मिळणार."

"वाऱ्याने आला तर चालतो. आपण नाक खुपसायचं नाही."

"मग तू पण नाही घेणार वास?"

"मी कसा घेईन? पूजा मी करतो."

रेवाने माझ्याकडे पाहिलं. झालं! ज्या कामासाठी एवढा रस्ता तुडवला, तेच बाळकृष्णाच्या आड लपलं. नियम खरा होता आणि मनापासूनचा होता, यात शंका नाही. पण इतकी वर्षं संसार केल्यावर पाठ वळवून उभा राहिलेला माणूससुद्धा वाचता येतो. ह्यांना तो नियम त्या दिवशी फार सोयीचा पडला होता.

तेवढ्यात मळ्याच्या मालकीणबाई आल्या. माझ्याच वयाच्या असतील, गवताची मोठी टोपी, हातांना माती. पाहुणा जुडी छातीपासून दूर धरून अवघडून उभा आहे असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मोठ्या प्रेमाने एक काडी चुरडली आणि थेट ह्यांच्या नाकापाशी नेली. "स्मेल! स्मेल!"

हे दोन पावलं मागे. हात जोडले. बाई घाबरल्या. "ॲलर्जी आहे का? पाणी आणू? गोळी आहे माझ्याकडे."

"नो नो," हे म्हणाले, "गॉड फर्स्ट."

आता त्या बिचाऱ्यांना काय कळणार! रेवाने सगळं समजावून सांगितलं. ही फुलं घरच्या देवासाठी आहेत, देवाच्या आधी आपण वास घ्यायचा नसतो, म्हणून आबा नाक लांब ठेवतायत. बाईंनी नीट ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, चेष्टा नाही. थोडा वेळ ह्यांच्या अनवाणी पायांकडे बघत राहिल्या. मग वाकल्या, आपल्या कात्रीने कचाकच एक नवी जुडी कापली, दोरा गुंडाळला, आणि ह्यांच्या दुसऱ्या हातात दिली. म्हणाल्या, आणि हे मला रेवाने न सांगताच कळलं, "ती देवाची. ही तुमची."

एका हातात देवाची जुडी, दुसऱ्या हातात स्वतःची. आता काय करणार? हे तसेच उभे राहिले. मग हळूच ती दुसरी जुडी नाकापाशी नेली. डोळे मिटले. इतका वेळ मिटले की बाई आपल्या खुशीत हसायला लागल्या, त्यांना वाटलं गडी रंगला.

डोळे उघडून हे माझ्याकडे वळले आणि मराठीत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "काही नाही गं. काहीच येत नाही."

मी म्हटलं, "असू दे."

"बरण्यांचासुद्धा येत नव्हता."

"माहितीये मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते."

रेवाने ह्यांचे बूट उचलून आणले आणि खाली बसून त्यांच्या पायात चढवले. मालकीणबाईंना काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी झालं एवढं कळलं असावं. त्या दुसऱ्या जुडीचे पैसे काही केल्या घेईनात.

त्यानंतर आम्ही तिथल्या दुकानात गेलो. साबण, तेल, उशाशी ठेवायच्या पुरचुंड्या, सगळं सुरेख पण महाग. पुरचुंडी घरी शिवता येते, सुटी वाळलेली फुलं घ्या. लॅव्हेंडरचं सरबत जरूर प्या, लिंबू असतं त्यात. आइस्क्रीमही खाल्लं. माझं मत विचाराल तर अंघोळ करताना साबण तोंडात गेल्यासारखं लागतं. रेवाला ते फार आवडलं. ह्यांना विचारलं, कसं आहे? "गार आहे," म्हणाले, आणि मग आपणच हसायला लागले. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी खाण्याबद्दल खरं सांगितलं होतं.

परतताना हे मागे माझ्याशेजारी बसले. देवाची जुडी ओल्या रुमालात गुंडाळून पुढच्या सीटवर, पट्टा लावून. थोडा रस्ता गेल्यावर म्हणाले, "सांग बघू. कसा आहे वास?"

वास काय सांगायची गोष्ट आहे? येतो तो येतो. पण विचारताहेत म्हटल्यावर सुरुवात केली.

"तुळस चुरडल्यावर येतो ना, तो अर्धा धरा."

"कुठली तुळस? पांढरी की काळी?"

"काळी."

"बरं."

"त्यात मरवा घालायचा."

"किती?"

"गजऱ्यात घालतात तेवढाच. आणि कापूर. पेटवलेला नाही, डबीतला."

हे खिडकीबाहेर बघत राहिले. "गोड आहे?"

"थोडा. पण खाण्यातला गोड नाही. ऊन दिलेल्या गादीचा असतो ना, तसा गोड."

पुढून रेवा म्हणाली, "मरवा म्हणजे काय? मी पण इमॅजिन करतेय, थांबा ना जरा!"

हे मात्र थांबले नाहीत. "म्हणजे तुझ्या आईने लग्नात दिलेली ट्रंक. पहिल्यांदा उघडली होतीस ना, शालू काढायला, तसा."

मी हातातल्या त्या दुसऱ्या जुडीचा पुन्हा वास घेतला. त्या ट्रंकेची मला आठवणसुद्धा नव्हती हो. आणि खरोखर, तंतोतंत तसाच होता.

कणसं घ्यायची मात्र राहून गेली. बोलण्याच्या नादात ते घर कधी मागे गेलं कळलंच नाही.

संध्याकाळी मिलिंद आणि अनघा कामावरून आले. आता हे काय करतात, म्हणून मी पोळ्या लाटता लाटता कान तिकडे. ह्यांनी पहिला घास घ्यायच्या आधीच सांगून टाकलं, "मिलिंद, मला वास येत नाही. आल्यापासून एकदाही आलेला नाही. खोटं सांगत होतो."

मिलिंदचा हात ताटातच राहिला. "बाबा, का पण?"

"घरी जायचंय म्हणून."

मग हेच म्हणाले, "जाणारच आहे. गॅस काढून टाकू, विजेची शेगडी घेऊ. आणि इथलं ते किंचाळणारं यंत्र तिथेही बसव. दोन बसव."

"आणि दूध करपलं तर?"

"दूध तुझी आई बघेल."

"आणि आई बाहेर गेली असली तर?" मी आतून विचारलं.

"मग त्या दिवशी कोरा चहा."

मिलिंद हसला, पण हो काही म्हणाला नाही. "आधी नाकाच्या डॉक्टरला दाखवू," म्हणाला. वेळ घेतली आहे. गणपतीला सांगलीत असू की नाही, हे अजून अधांतरी आहे. पण आता घरात बोलणं यंत्रांचं आणि शेगडीचं चालतं, आणि शेगडी कुठली घ्यायची यावर बापलेक वाद घालतात, म्हणजे गाडी बहुतेक सांगलीच्याच रस्त्याला लागली असावी. बरण्या कपाटातून परत बाहेर आल्या आहेत. हे रोज सकाळी हुंगतात आणि खरं सांगतात: नाही, नाही, नाही. परवा लिंबाच्या सालीपाशी जरा थबकले. "काहीतरी आंबट... छे, मनाचे खेळ."

जाऊन आल्याला आठवडा झाला. काय उरलं म्हणाल, तर बाईंनी दिलेली ती दुसरी जुडी स्वयंपाकघराच्या खिडकीत उलटी टांगली आहे, वाळून राखाडी झाली. रेवाच्या फोनमध्ये ह्यांचा अनवाणी फोटो आहे. मळा पुन्हा बघायला जाईन का? जाईन, पण तो आता मला जांभळा म्हणून नाही आठवत.

आणि एक नवीन काम माझ्या मागे लागलं आहे. दुसऱ्या दिवशी ह्यांनी ती देवाची जुडी बाळकृष्णापुढे ठेवली, पूजा आटोपली, आरती झाली, मग त्यातली एक काडी उचलून माझ्या हातात दिली. "देवाचा झाला. आता घे, आणि सांग." मी सांगितलं. तेव्हापासून दिवसभर हेच. फोडणी दिली की "सांग." पावसाची सर येऊन गेली की दार उघडून "सांग." आधी कंटाळा यायचा, आता मीच हाक मारून सांगते, कारण मी सांगायला लागले की ह्यांचा चेहरा हलतो. कुठून कुठून जुनी घरं, जुनी माणसं काढून त्याला जोडतात. जेवण चवीचं लागतं की नाही कोण जाणे, पण मीठ मागायचे थांबले आहेत.

माझ्याकडचे शब्द मात्र आता संपत आले. इथले वास तरी असे किती असणार, त्यात खिडक्या सदा बंद. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगणं आहे. तुमच्या घरात, गल्लीत, अंगणात आत्ता या घटकेला कशाचा वास येतोय, ते मला लिहा. मोठं नको, दोन ओळी पुरे. "छान वास येतोय" असं मात्र नको, ते ह्यांना चालत नाही, कसा आणि कशासारखा ते हवं. दुपारचा चहा झाला की हे खुर्ची ओढून बसतात, मी तुमचं एकेक वाचून दाखवीन. वाट बघतोय दोघंही. लवकर लिहा.